आधी मोजा, मग खोला : प्रस्तावना

इंजिन बिघडलं की ते लपून राहत नाही. टॅपेट वाजतात, धूर येतो, पिकअप जातो, ॲव्हरेज घसरतं. हँडलिंग बिघडतं तेव्हा असा गाजावाजा होत नाही. टायर रोज केसभर झिजतो, फोर्कमधलं ऑइल मळत जातं, हँडलच्या कोनसेटच्या गोळ्या आपापल्या जागी खळगे पाडत राहतात. हे सगळं इतकं सावकाश होतं की चालवणाऱ्याच्या अंगाला त्याची सवय होते. गाडी उजवीकडे ओढत असेल तर तो नकळत डावीकडे कलून बसू लागतो. वळणात पुढचं चाक हवं तिथे जात नसेल तर वळण यायच्या खूप आधी वेग उतरवू लागतो. आपली गाडी बिघडली आहे हे त्याला कळतं ते दुसऱ्याची तीच, पण नीट राखलेली गाडी हाती आल्यावर. किंवा घाटात ऐनवेळी जोरात ब्रेक मारावा लागतो तेव्हा.

या पुस्तकाचा सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा आहे. स्पोर्ट बाईकच्या हँडलिंगची तक्रार अंगाला जाणवते, पण तिचं कारण अंगाला कळत नाही. ते मोजूनच शोधावं लागतं. ते सापडेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नये.

हँडलिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गुडघा टेकवून वळणारा रायडर येतो. प्रत्यक्षात त्यात साध्यासाध्या गोष्टी येतात. गाडी हात सैल ठेवूनही सरळ जाते का? वळवायला किती जोर लागतो? एकदा कलली की धरलेली रेघ सोडते का? कललेली असताना खड्डा आला तर किती लवकर सावरते? ब्रेक लावला की पुढून किती बुडते? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर टायर, रिम, चाकाचे बेअरिंग, फोर्क, कोनसेट, चेसिस, मागचं चाक धरणारा चिमटा, मागचा शॉकअप, चेन, गाडीवरचं सामान आणि वर बसलेला माणूस या सगळ्यांनी मिळून दिलेलं असतं. एकाच तक्रारीमागे पाच कारणं असू शकतात आणि एकच कारण पाच तक्रारींच्या रूपाने पुढे येतं. हा विषय अवघड होतो तो यामुळे.

त्याच्या मुळाशी थोडी भूमिती आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. हँडल ज्या नळीत फिरतं तिच्या मधून एक रेघ थेट जमिनीपर्यंत ओढली, तर ती पुढचा टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. ऑफिसच्या खुर्चीचं चाक जसं आपोआप मागे फिरून सरळ होतं, तसं ट्रेलमुळे पुढचं चाक स्वतःला सरळ करत राहतं. ट्रेल जास्त असेल तर गाडी सरळ रस्त्यावर निवांत आणि वळायला जड होते, कमी असेल तर चपळ आणि थोडी चंचल. चाकणला तयार झालेल्या दोन सख्ख्या गाड्यांकडे पाहा. पहिल्या पिढीच्या ड्यूक ३९० आणि आरसी ३९० यांचं इंजिन एकच. ड्यूकचा हेड अँगल, म्हणजे त्या नळीचा जमिनीशी होणारा कोन, ६५ अंश, ट्रेल १०० मिलिमीटर, दोन चाकांमधलं अंतर १३६७ मिलिमीटर. आरसीचे आकडे ६६.५ अंश, ८८ मिलिमीटर आणि १३४० मिलिमीटर. दीड अंश आणि बारा मिलिमीटर एवढ्या फरकाने शहरात फिरायची गाडी ट्रॅकची गाडी झाली.

आता याच हिशेबात झीज घाला. आरसीचा मागचा शॉकअप थकून गाडी मागून वीस मिलिमीटर खाली बसली, तर हेडचा कोन पाऊण अंशाहून जास्त पसरतो आणि ट्रेल पाचेक मिलिमीटरने वाढतो. मालक म्हणतो, ‘गाडी वळायला जड झालीय.’ मेकॅनिक पुढचा टायर बदलायला सांगतो. दोष मात्र मागच्या स्प्रिंगमध्ये असतो. ही उलटापालट एकदा समजली की निदान करण्याची सगळी रीतच बदलते.

मोटारसायकलच्या इतिहासात चेसिस नेहमीच इंजिनाच्या मागे राहिली आहे. सुरुवातीच्या गाड्या म्हणजे इंजिन लावलेल्या सायकलीच होत्या, आणि त्यांच्या स्थिरतेचं गणितही सायकलीपासूनच सुरू झालं. केंब्रिजच्या फ्रान्सिस व्हिपलने १८९९ साली सायकलच्या तोलाची समीकरणं मांडली. दुचाकी कशामुळे उभी राहते, या प्रश्नाशी गणिताने केलेली ती पहिली भरीव झटापट. कारखान्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं, ते अनुभवाने शिकत होते. १९३५ साली बीएमडब्ल्यूने आर १२ आणि आर १७ या गाड्यांना तेलाने डॅम्पिंग होणारी टेलिस्कोपिक फोर्क दिली आणि गर्डर फोर्कचा जमाना ओसरायला लागला. १९५० साली बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस आणि त्याच्या भावाने घडवलेली फ्रेम नॉर्टनच्या रेसिंग गाड्यांवर आली. हॅरॉल्ड डॅनियल या रायडरने तिला पिसांच्या गादीची उपमा दिली आणि तेव्हापासून ती ‘फेदरबेड’ म्हणूनच ओळखली जाते. त्या वर्षी आइल ऑफ मॅनच्या शर्यतींत नॉर्टन जिंकली त्यावरून एक गोष्ट सिद्ध झाली: जास्त ताकदीच्या इंजिनाला चांगली चेसिस हरवू शकते.

पुढच्या वीस वर्षांत जपानी कारखाने हा धडा विसरले, किंवा त्यांना घाई होती. १९७०च्या दशकात कावासाकीच्या एच २ आणि झी १ सारख्या गाड्यांची इंजिनं जगाला चकित करत होती आणि तेव्हाची फ्रेम, फोर्क आणि टायर ती ताकद पेलू शकत नव्हते. वेगात गाडी डोलायची. युरोपात त्यातून एक वेगळाच धंदा उभा राहिला. स्वित्झर्लंडचा फ्रिट्झ एग्ली, इंग्लंडचे रिकमन बंधू, इटलीतल्या रिमिनीचा मास्सिमो तांबुरिनी आणि त्याची बिमोटा ही मंडळी इंजिन दुसऱ्याचं घेऊन त्याभोवती स्वतःची फ्रेम बांधत होती. माझ्या मते आजच्या स्पोर्ट बाईकचा खरा जन्म या छोट्या कारखान्यांत झाला. बेल्जियमच्या लुसियाँ टिल्केन्सची एकच शॉकअप वापरण्याची कल्पना यामाहाने १९७३ साली मोटोक्रॉसमध्ये आणली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनच्या अंतोनिओ कोबासने हेडपासून चिमट्याच्या पिव्होटपर्यंत सरळ जाणारी दोन जाड ॲल्युमिनियम बीमची फ्रेम करून दाखवली. १९८५ साली सुझुकीच्या जीएसएक्स-आर ७५० ने ॲल्युमिनियमची फ्रेम आणि शर्यतीची बैठक सामान्य ग्राहकाच्या हाती दिली. तिथून पुढे सुधारणा होत गेल्या, पण मूळ मांडणी तीच राहिली आहे.

कारागीर फ्रेम बांधत होते तेव्हाच विद्यापीठात एक महत्त्वाचं काम झालं. इंग्लंडच्या रॉबिन शार्पने १९७१ साली मोटारसायकलच्या स्थिरतेवर निबंध प्रसिद्ध केला आणि गाडीच्या बिघडण्याच्या तीन तऱ्हा गणिताने वेगळ्या करून दाखवल्या. पहिली, गाडी एका बाजूला कलंडत जाणं. दुसरी, पुढचं चाक आणि हँडल आपल्या अक्षाभोवती थरथरणं, सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा. तिसरी, मोठ्या वेगात अख्खी गाडी मागच्या बाजूने डोलणं, सेकंदाला दोन ते चार वेळा. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माणसाला या वर्गवारीचं मोल फार आहे. गाडी ‘हलते’ एवढं ऐकून काही कळत नाही. थरथरते की डोलते, कोणत्या वेगाला, थ्रॉटल सोडल्यावर की धरून ठेवल्यावर, हे विचारलं की अर्धा शोध तिथेच लागतो. थरथर बहुधा पुढच्या भागाकडे बोट दाखवते: टायर, हवा, कोनसेट, रिम. डोलणं बहुधा मागच्या भागाकडे: चिमट्याचे बुश, शॉकअप, मागचा टायर, कॅरियरवरचं ओझं.

या विषयात आज निरनिराळ्या विचारांची माणसं आहेत आणि त्यांचं एकमेकांशी नेहमी पटतंच असं नाही. टोनी फोएलसारखे लोक चेसिसकडे भूमिती आणि प्रयोग म्हणून पाहतात. गाडीचे कोन बदलून, मोजून, पुन्हा चालवून निष्कर्ष काढणं ही त्यांची रीत. इटलीतल्या पादोव्हा विद्यापीठात व्हित्तोरे कोस्सालतेर यांनी शार्पचा गणिती मार्ग फार पुढे नेला. सस्पेन्शनवाल्यांचा पंथ वेगळा. स्वीडनच्या केंट ओहलिन यांनी १९७६ साली सुरू केलेली कंपनी असो की अमेरिकेतल्या पॉल थीड यांची रेस टेक, त्यांचं म्हणणं असं की बहुतेक तक्रारी स्प्रिंगच्या वजनात आणि डॅम्पिंगच्या व्हॉल्व्हमध्ये सुटतात. कीथ कोड आपल्या रेसिंग शाळेत आणि १९८३ सालच्या ‘ए ट्विस्ट ऑफ द रिस्ट’ या पुस्तकापासून रायडरकडे बोट दाखवत आले. घट्ट धरलेलं हँडल, वळणात मध्येच सोडलेला थ्रॉटल, यातून चांगली गाडीही बिघडलेली वाटते. आणि एक पंथ आहे जपानी सर्व्हिस मॅन्युअलचा. तो मोठ्या गोष्टी सांगत नाही. प्रत्येक पार्टची नवा असतानाची मापं, झिजण्याची मर्यादा आणि बोल्टचा टॉर्क एवढंच तो देतो. माझी निष्ठा सगळ्यांत जास्त या शेवटच्या पंथावर आहे. बाकीच्यांकडून शिकावं भरपूर, पण सुरुवात मॅन्युअलच्या आकड्यांनी करावी.

आपल्याकडे हा इतिहास उशिरा आणि तुकड्यातुकड्याने आला. १९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० ‘राजदूत’ म्हणून आणली. बाहेरच्या देशांत तिला पुढे डिस्क होती, आपल्याकडे ड्रम आला. इंजिन धावायला तयार आणि ब्रेक तयार नाहीत, असा तो प्रकार होता. तरी, किंवा त्यामुळेच, तिच्याभोवती मेकॅनिकांची एक पिढी तयार झाली. शोलावरमची धावपट्टी, पुढे चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि कोइम्बतूरचा कारी या ठिकाणी शर्यतीतून शिकलेलं ज्ञान हळूहळू गॅरेजमध्ये झिरपलं. २००८ साली यामाहाची आर १५ आली तेव्हा दोन बीमची डेल्टाबॉक्स फ्रेम पहिल्यांदाच सामान्य पगारदार मुलाच्या आवाक्यात आली. २०१४ पासून चाकणच्या आरसी गाड्या रस्त्यावर आल्या, त्यांना डब्ल्यूपीची ४३ मिलिमीटरची उलटी फोर्क होती. या गाड्यांनी मागच्या पिढीच्या मेकॅनिकांसमोर एक अडचण उभी केली. शंभर-दीडशे सीसीच्या रोजच्या गाडीवर चालणारी अंदाजाची पद्धत इथे चालत नाही, कारण इथे दोन मिलिमीटरचा फरकही हाताला कळतो.

आर १५चंच उदाहरण घ्या. पहिल्या आर १५ला मागे १००/८०-१७ टायर होता. अनेकांना तो बारीक वाटला आणि त्यांनी त्याच रिमवर जाड टायर चढवला. रिम अरुंद आणि टायर रुंद असला की टायरचा माथा आवळून उंच, टोकदार होतो. गाडी उभी असताना दिसायला भारदस्त, वळणात मात्र अवखळ. २०११च्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने १३०/७०-१७ टायर दिला तेव्हा रिम रुंद केली, चिमटा ॲल्युमिनियमचा केला आणि चाकांमधलं अंतर १२९० वरून १३४५ मिलिमीटर केलं. टायर बदलायचा तर सोबत किती गोष्टी बदलाव्या लागतात हे त्यावरून दिसतं. त्यापैकी एकच गोष्ट उचलून आपल्या गाडीवर लावली तर ती सुधारणा ठरत नाही.

हे पुस्तक आत्ता लिहिण्याची कारणं साधी आहेत. आर १५ आणि आरसी यांसारख्या गाड्यांची पहिली पिढी आता दहा वर्षांपुढे गेली आहे आणि दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे आहे. त्यांतल्या कितीतरी एकदा तरी पडलेल्या आहेत. फेअरिंग नवी लावली की बाहेरून काही दिसत नाही, पण आत फोर्क धरणारी टी वाकलेली असते, फोर्कचा पाइप केसभर बेंड असतो. दुसरं कारण इलेक्ट्रॉनिक्सचं. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. नव्या आरसी ३९०वर तर गाडी किती कलली आहे हे पाहून ब्रेक सांभाळणारी यंत्रणा आहे. ही फार मोलाची गोष्ट आहे आणि तिने जीव वाचतात. पण ती झिजलेला टायर बदलून देत नाही, थकलेला शॉकअप ओळखून देत नाही. उलट घसरण सावरून घेते म्हणून दोष आणखी काही महिने झाकला जातो. तिसरं कारण मला सगळ्यांत जवळचं आहे. यांतल्या आरसी गाड्या चाकणला बनतात, त्या बनवणाऱ्या हातांत असंख्य मराठी हात आहेत, आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा कोर्स करणारी मुलं खेड्यापाड्यांतून येतात, आणि स्पोर्ट बाईकच्या चेसिसवर मराठीत नीट बसून लिहिलेलं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. गॅरेजमध्ये हे ज्ञान आहे, पण ते तोंडी आहे आणि उस्तादाबरोबर जातं.

या पुस्तकात निदानाची दिशा जमिनीपासून वर, आणि फुकटापासून महागाकडे. पहिली गोष्ट हवा. गाडी थंड असताना, आपल्या स्वतःच्या गेजने, चिमट्यावर किंवा चेन कव्हरवर चिकटवलेल्या आकड्याप्रमाणे. पंपावरच्या गेजवर विसंबू नये. मग टायर. फक्त नक्षी किती उरली हे पाहून भागत नाही. पुण्याहून कोल्हापूरला सरळ हायवेने रोज धावणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधून सपाट होतो. असा चौकोनी झालेला टायर वळणात आधी हट्ट करतो आणि मग एकदम पडतो. बाजूवरचे चार आकडे वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं. त्यानंतर रिम आऊट आहे का, बेअरिंगमध्ये खेळ आहे का, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का. चिमट्यावरच्या चेन ॲडजस्टरच्या खुणांवर इथे विश्वास ठेवू नये, दोरी लावून पाहावं.

एका आरसी ३९०ची हकिकत इथे सांगण्यासारखी आहे. तक्रार अशी की सत्तरच्या आसपास थ्रॉटल सोडला की हँडल थरथरतं. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये आधी पुढचा टायर बदलला गेला, मग कोनसेट. थरथर कमी झाली आणि महिन्याभरात परत आली. मालकाला चेसिसची शंका येऊ लागली होती. गाडी पाहिली तेव्हा पुढची हवा बरीच कमी होती, मागे कॅरियरवर भरलेली टॉप बॉक्स होती आणि मागच्या स्प्रिंगची प्रीलोड सगळ्यांत सैल खाचेवर होती. म्हणजे गाडी मागे बसलेली, पुढून हलकी. बॉक्स उतरवली, हवा भरली, तशी थरथर जवळजवळ गेली. उरलेली का, ते पुढचं चाक उचलल्यावर कळलं. नवा कोनसेट आपल्या जागी बसला होता आणि तो बसल्यावर पुन्हा आवळायला हवा होता, ते राहून गेलं होतं. ब्रेक धरून गाडी पुढे ढकलली की हेडमध्ये ‘टक्’ लागत होतं. एकही पार्ट न बदलता काम झालं. सगळ्यांत शेवटी ज्यावर संशय गेला असता तो नवा पार्टच उरलेल्या थरथरीचं कारण होता, कारण नवा म्हटला की तो कोणी तपासत नाही.

कोनसेट उलट्या बाजूनेही फसवतो. जास्त आवळला तर गाडी हळू वेगात रेघ धरत नाही, नागमोडी चालते, आणि मालकाला वाटतं टायर खराब आहे. चाक उचलून हँडल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश न्यावं. बरोबर मधोमध हलकी खाच लागली तर समजावं की गोळ्यांनी वाटीत घर केलं आहे. तिथे आवळणं हा उपाय नाही, बदलणं हाच आहे.

सस्पेन्शनबद्दल एक गैरसमज इतका पसरला आहे की तो इथेच दूर करतो. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. गाडी उंच बसते, एवढंच. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर आणि वेटोळ्यांवर असतो, रिंग फिरवून तो बदलत नाही. म्हणून रिंग फिरवण्याआधी सॅग, म्हणजे वजनाने गाडी किती बसते ते, मोजावं. चाक हवेत असताना, गाडी स्वतःच्या वजनावर असताना आणि रायडर बसल्यावर अशी तीन मापं घ्यावीत. रायडरसकट गाडी साधारण तीस ते पस्तीस मिलिमीटर बसावी, म्हणजे एकूण प्रवासाचा पाव भाग किंवा थोडा जास्त. रिंग कितीही फिरवली तरी हे जमत नसेल तर स्प्रिंग त्या वजनासाठी नाही. साठ किलोच्या मुलाने आणि शंभर किलोच्या माणसाने एकाच खाचेवर एकच गाडी चालवावी आणि ती दोघांनाही आवडावी अशी अपेक्षा करणं चूक आहे.

महाराष्ट्रात या विषयाला पावसाळ्याचं एक वेगळं प्रकरण आहे आणि परदेशी पुस्तकांत ते नाही. कोकणात चार महिने चाललेल्या गाडीच्या चिमट्याचे बुश आणि लिंकेजचे नीडल बेअरिंग पाण्याने ग्रीस धुऊन कोरडे पडतात. त्यावर वॉशिंग सेंटरचा प्रेशर जेट सीलच्या बाजूने आत पाणी आणि माती ढकलतो. आर १५, सीबीआर २५०आर यांसारख्या लिंकेज असलेल्या गाड्यांत हे जास्त जाणवतं, कारण तिथे शॉकअप चांगला असूनही सांधेच जाम झालेले असतात. मालक शॉकअप बदलतो, गाडी तेवढीच दगडासारखी राहते. पावसाळा संपल्यावर लिंकेज आणि चिमटा खोलून साफ करून ग्रीस भरणं हे काम कंपनीच्या नेहमीच्या सर्व्हिसमध्ये सहसा होत नाही. ते मुद्दाम सांगून करून घ्यावं लागतं. दिवाळीच्या आधी ते झालं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

बदलायच्या पार्टांबद्दल पुस्तकात बरंच आहे, म्हणून इथे दोनच गोष्टी. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावेत, कारण जुन्या दातांवर नवी चेन काही आठवड्यांत जुनी होते. आणि ती कधीही ताठ ठेवू नये. पुढचा स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्होट आणि मागचा एक्सेल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यांत जास्त ताणली जाते. उभ्या गाडीवर ताठ दिसणारी चेन खड्ड्यात सस्पेन्शन अडवते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर टाकते. दुसरी गोष्ट बसवण्याची. पुढचं चाक बसवताना एक्सेल आवळला की लगेच खालचे क्लॅम्प बोल्ट आवळू नयेत. गाडी जमिनीवर उतरवून, ब्रेक धरून फोर्क काही वेळा दाबावी, तिचे दोन्ही पाय आपोआप रेषेत येतात, मग बोल्ट आवळावेत. हे राहिलं तर नवी फोर्कसुद्धा अडखळत चालते, आणि दोष पुन्हा ऑइल सीलवर येतो.

पुस्तकाची मांडणी पार्टनिहाय न करता तक्रारनिहाय केली आहे. गाडी ज्याच्याकडे येते त्याच्याकडे ती ‘कोनसेट खराब’ म्हणून येत नाही, ‘ओढते’, ‘डोलते’, ‘वळत नाही’, ‘ब्रेकला थरथरते’ म्हणून येते. प्रत्येक तक्रारीखाली तपासणीचा क्रम, मोजायची पद्धत, आकडे कुठे शोधायचे आणि मग पार्ट कसा बदलायचा, असा प्रवास आहे. इंजिन, फ्युएल इंजेक्शन आणि वायरिंग यांना हात लावलेला नाही. चेसिस वाकली असेल तर ती तापवून सरळ करण्याची पद्धत मुद्दाम दिलेली नाही. ते काम जिगशिवाय करू नये, आणि हेडजवळ तडा गेलेली फ्रेम तर वापरूच नये. फोर्कच्या व्हॉल्व्हमधले शिम बदलण्याचं प्रकरण छोटं आहे. तो स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे आणि बहुतेक वाचकांचा प्रश्न तिथे पोचायच्या आधीच सुटतो.

अवजारांची यादी मी जाणूनबुजून लहान ठेवली आहे. पण तीन गोष्टींवर तडजोड नाही: टॉर्क रेंच, चांगला हवेचा गेज आणि पॅडॉक स्टँड. या गाड्यांना डबल स्टँड नसतो. विटांवर किंवा साइड स्टँडवर तोलून चाक काढण्याचा प्रकार मी गॅरेजमध्ये पाहिला आहे आणि तो थांबला पाहिजे. ब्रेकचं काम झालं की रस्त्यावर जाण्याआधी उभ्या गाडीवर लिव्हर भरून येईपर्यंत दाबा. नव्या टायरवर पहिले शंभरएक किलोमीटर सांभाळून चालवा. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदला, बाटली फोडून ठेवलेलं वापरू नका, ते हवेतलं पाणी शोषतं.

ज्या मेकॅनिकांनी आपल्या गॅरेजमध्ये तासन्‌तास उभं राहू दिलं, जुने पार्ट टाकून न देता दाखवायला ठेवले आणि आपली रीत चुकीची ठरली तेव्हाही मन मोठं ठेवलं, त्यांचं हे पुस्तक माझ्याइतकंच आहे.

पुस्तकाच्या शेवटी काही पानं तुम्हाला भरायला ठेवली आहेत. त्यांवर गाडीचे किलोमीटर, हवा, सॅगची तीन मापं, चेनचा ढिलेपणा, टायरच्या तारखा आणि बदललेले पार्ट यांचे रकाने आखले आहेत. गाडी चांगली चालत असतानाच ते एकदा भरून ठेवा, म्हणजे बिघडेल तेव्हा तुलना करायला आकडा हाताशी असेल. तुमच्या गाडीचं मॅन्युअल या पुस्तकाहून वेगळा आकडा सांगत असेल तर मॅन्युअलचा आकडा खरा माना, आणि तो फरक मला जरूर कळवा. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करता येईल.